मांजर खोकतं तेव्हा

या मालेत मी याआधी दोनदा बोललो आहे आणि दोन्ही वेळा विषय न्यायदर्शनातला होता. आज दाराबाहेरच्या फळ्यावर 'मांजराचा खोकला' असं वाचून एक गृहस्थ मला म्हणाले, "सर, हॉल चुकला वाटतं तुमचा." हॉल चुकलेला नाही. मी प्राण्यांचा डॉक्टर नाही, तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला मास्तर आहे, तेव्हा औषधाचा डोस माझ्याकडून लिहून घेऊ नका. पण आमच्या घरी एक मांजर ५ महिने खोकत होतं, आणि वर्गात ३० वर्षं 'अनुमान' हे प्रकरण शिकवलेला मी ५ महिने चुकीचं अनुमान करत बसलो होतो. ते कसं चुकलं आणि मग काय करावं लागलं, तेवढंच आज सांगणार आहे.

आमची चिंगी तेव्हा ५ वर्षांची होती. मार्च महिन्यात कधीतरी सुरू झालं. बसल्या जागी ती एकदम दबून बसायची, कोपरं बाहेर, मान पुढे आणि खाली ताणलेली, आणि घशातून खॅक खॅक असा कोरडा आवाज. १०-१५ सेकंद. मग एक आवंढा गिळायची, ओठ चाटायची, आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात पंजा चाटायला लागायची. मी बायकोला म्हटलं, "केसांचा गोळा अडकलाय." मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ असतं. मांजर अंग चाटतं, केस पोटात जातात, अधूनमधून ते गोळा करून ओकतं. सगळं खरं. म्हणून मी म्हटलेलं वाक्यही खरं वाटलं.

आता बघा, इथे पहिली गोष्ट. या ५ महिन्यांत आमच्या घरात गोळा किती वेळा सापडला? एकदाही नाही. आणि तरी माझी खात्री हलली नाही! उलट मी म्हणायचो, बाहेर कुठेतरी टाकत असेल. चिंगी घराबाहेर जातच नाही, तिसरा मजला आहे आमचा. म्हणजे पुरावा नाही हाच मी पुरावा करून टाकला होता.

केस ओकणं आणि खोकणं यांत फरक आहे, आणि तो डोळ्यांनी दिसतो. ओकताना जोर पोटातून येतो. पोट आत-बाहेर होताना दिसतं, मांजर बहुतेक उभं असतं, अस्वस्थ होऊन एक-दोन पावलं मागे जातं, आणि शेवटी तोंडातून काहीतरी पडतं, गोळा, फेस किंवा खाल्लेलं. खोकताना जोर छातीतून येतो. मांजर जमिनीलगत दबतं, मान लांब करतं, आणि शेवटी काही पडत नाही. कफ वर आलाच तर ते गिळून टाकतं, म्हणून आपल्याला दिसत नाही. घोटाळा असा की खूप खोकल्यावर शेवटी उबळ येऊन थोडा फेस पडू शकतो, आणि तो बघून आपण म्हणतो, बघा, ओकली. गोळा टाकणं हे कधीमधी होणारं काम आहे. आठवड्यातून चार-पाचदा खॅक खॅक आणि गोळा नाही, असं असेल तर तो गोळा नव्हे, हे समजायला पदवी लागत नाही. मला ती होती, हाच कदाचित अडथळा.

खोकला म्हणजे काय, हेही थोडं बघू. श्वासनलिकेच्या आणि मोठ्या नळ्यांच्या अस्तरात मज्जातंतूंची टोकं असतात. तिथे धूळ, कफ, सूज, जंत असं काही टोचलं की आदेश सुटतो: खोल श्वास घे, घशाचं दार बंद कर, छाती दाब, आणि दार एकदम उघड. आत अडकलेली हवा वेगाने बाहेर पडते आणि सोबत कचरा नेते. खोकला हा मुळात झाडू आहे. मात्र ही टोकं फुप्फुसाच्या अगदी आतल्या वायुकोशांत नसतात. त्यामुळे आत खोलवर न्यूमोनिया झालेलं मांजर खोकेलच असं नाही. ते नुसतं मलूल पडतं, जेवत नाही, श्वास भराभर घेतं. म्हणजे खोकला आहे म्हणून आजार अमुकच आहे असं नाही, आणि खोकला नाही म्हणून फुप्फुस ठीक आहे असंही नाही.

आता माझ्या गल्लीत येऊ का जरा? पाच मिनिटं. न्यायशास्त्रात सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण डोंगराचं आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान चालतं, कारण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती आहे. पण उलट चालत नाही. अग्नी आहे म्हणून धूर आहे असं म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. अग्नीतून धूर निघायला आणखी एक अट लागते, ती म्हणजे ओलं सरपण. या लपलेल्या अटीला शास्त्रात 'उपाधी' म्हणतात. आपल्याकडे उपाधी म्हणजे विद्यापीठाची पदवी, किंवा मग कटकट. तिसरा अर्थ हा, आणि तो सगळ्यात उपयोगी आहे.

मांजराच्या खोकल्यात ही उपाधी कुठे येते बघा. आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारा कुत्रा होता. त्याला हृदयाचा आजार होता आणि तो रात्री खोकायचा. त्यामुळे बायकोला शंका आली की चिंगीचंही हृदय असेल. कुत्र्यात हे अनुमान बऱ्यापैकी चालतं. मांजरात मात्र हृदय निकामी होत असलं तरी खोकला सहसा येत नाही. धाप लागते, मांजर लपून बसतं, फुप्फुसात किंवा त्याभोवती पाणी साठतं, पण खोकला क्वचितच. म्हणजे 'हृदयाचा आजार, म्हणून खोकला' हे विधान कुत्रा असेल तर खरं. कुत्रेपणा ही इथली उपाधी. मांजर म्हणजे छोटा कुत्रा नव्हे, आणि छोटा माणूस तर मुळीच नव्हे. हे दुसरं वाक्य पुढे औषधांच्या वेळी पुन्हा लागेल.

मग मांजर खोकतं कशाने? सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे श्वासनलिकांना आलेली जुनाट सूज. तिचे दोन चेहरे, एक दमा आणि दुसरा जुना ब्राँकायटिस. साधारण १ ते ५ टक्के मांजरांना दमा असतो, असा अंदाज पशुवैद्यकात दिला जातो, आणि सयामी जातीत तो जास्त दिसतो. दुसरं कारण संसर्ग. मांजरांची जी सर्दी असते, हर्पीस आणि कॅलिसी विषाणूंची, तिच्यात शिंका आणि डोळ्यानाकातून पाणी हे मुख्य, खोकला कमी. बोर्डेटेला किंवा मायकोप्लाझ्मा हे जीवाणू असतील तर खोकला होऊ शकतो. तिसरं कारण जंत. फुप्फुसात राहणारा एक जंत असतो, त्याची पिल्लं गोगलगाईत वाढतात. ती गोगलगाय उंदीर, पाल, बेडूक, पक्षी यांपैकी कोणी खाते आणि त्यांना मांजर खातं. चौथा हृदयजंत, तो डासाच्या चाव्यातून येतो. मांजरात एक-दोन जंतही पुरेसे असतात आणि कुत्र्यांना देतात ते मोठा जंत मारणारं औषध मांजरांना देत नाहीत, म्हणून तिथे सगळा भर प्रतिबंधावर. राहिलं मग घशात अडकलेलं गवताचं पातं, घशामागे वाढलेला मांसाचा कोंब, छातीत पू किंवा पाणी, आणि म्हाताऱ्या मांजरात गाठ. यादी लांबवत नाही. सांगायचं एवढंच की एका आवाजामागे इतकी दारं आहेत, आणि मी त्यातलं एकही न उघडता सहाव्याच घरात, पोटात, शिरलो होतो.

नुसता शिरलो नाही, उपचारही केला. कोणीतरी सांगितलं की तूप दिलं की गोळा सरकतो. मी चिंगीला धरून, तोंड उघडून, चमच्याने पातळ तूप घालायचो. ती झटापट करायची. पुढे डॉक्टरांनी हे ऐकलं आणि डोक्याला हात लावला. तेलकट पदार्थ जबरदस्तीने घातला आणि तो चुकून श्वासनलिकेत गेला, तर त्याला प्राणी धड खोकतही नाही, तो सरळ फुप्फुसात उतरतो आणि तिथे दाह होतो. हा न्यूमोनिया बरा करायला फार अवघड. माझ्या हातून तो झाला नाही, हे माझं कर्तृत्व नाही.

ऑगस्टमधली गोष्ट. पुण्यातला पाऊस, खिडक्या बंद, श्रावण म्हणून सकाळ-संध्याकाळ धूप, रात्री डासांसाठी कॉइल. रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली. चिंगी पलंगाखाली दबून बसली होती, तोंड उघडं, आणि प्रत्येक श्वासाला पोट आत ओढलं जात होतं. कुत्रा तोंड उघडून धापतो ते ठीक. मांजर बसल्या जागी तोंड उघडून श्वास घेतं तेव्हा ते संकटात असतं. हिरड्या पांढुरक्या-निळ्या झाल्या होत्या.

आणि तेव्हा मला माझी आई दिसली. आईला दमा होता. पावसाळ्यात रात्री ती खाटेच्या कडेला बसायची, दोन्ही हात कडेवर रोवलेले, कोपरं बाहेर, मान पुढे. लहानपणची १०-१२ वर्षं मी ती बसण्याची तऱ्हा पाहिली आहे. ५ महिने तीच तऱ्हा माझ्यासमोर जमिनीवर बसत होती आणि मी तिला केसांचा गोळा म्हणत होतो. असो.

रात्री उघडा असणारा दवाखाना सापडला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काय केलं ते मुद्दाम सांगतो. त्यांनी आधी काहीच केलं नाही. तपासणीच्या टेबलावर घेतलं नाही, एक्स-रे नाही, रक्त नाही. चिंगीला पिंजऱ्यासकट प्राणवायूच्या पेटीत ठेवलं, एक इंजेक्शन दिलं आणि दिवा मंद केला. मी म्हटलं, "आधी काय झालंय ते बघा ना." त्या म्हणाल्या, "काका, आत्ता हिला धरलं तर ती झगडेल आणि झगडण्यातच जाईल. निदान उद्या." ज्ञानापेक्षा श्वास आधी.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे झाला. फुप्फुसं गरजेपेक्षा फुगलेली, कारण आत गेलेली हवा बाहेर पडत नव्हती. नळ्यांच्या भिंती जाड झालेल्या, आडव्या कापात त्या मेदूवड्यासारख्या गोल दिसतात आणि उभ्या कापात रुळांसारख्या दोन रेघा. पण लक्षात घ्या, काही दमेकरी मांजरांचा एक्स-रे स्वच्छही येतो. म्हणून एक्स-रे चांगला आला की दमा नाही असं म्हणता येत नाही. दम्याची अशी एकच सोक्षमोक्ष लावणारी चाचणी नाही. बाकीची दारं एकेक करून बंद करावी लागतात. विष्ठा तपासून जंताची पिल्लं शोधतात, आणि ती दर वेळी सापडतातच असं नाही, म्हणून पुष्कळदा जंताचं औषध देऊनच टाकतात. हृदयाची शंका असेल तर सोनोग्राफी. गरज पडली तर भूल देऊन नळ्या धुतलेलं पाणी तपासतात, त्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी भरपूर सापडल्या तर ॲलर्जीच्या दम्याकडे बोट जातं, पण जंतातही त्या वाढतात. आमच्याकडे जंताचं औषध दिलं, फरक पडला नाही. स्टेरॉइड दिलं, पडला. निदान असं कडेकडेने आलं.

दम्यात होतं काय? डासांच्या कॉइलचा धूर, धूप, सिगरेट, मातीची बारीक धूळ, गादीतले सूक्ष्म कीटक अशा एखाद्या गोष्टीवर शरीर गरजेपेक्षा जास्त चिडतं. नळीचं अस्तर सुजतं, चिकट कफ सुटतो आणि नळीभोवतीचा स्नायू आवळतो. संथ वाहणाऱ्या हवेसाठी भौतिकशास्त्राचा नियम असा की नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट नव्हे, १६ पट होतो. मांजराची नळी आधीच केवढीशी. थोडी सूज आणि थोडा धूर, त्यावर रात्रीचे दोन वाजतात ते असे.

उपचाराचा कणा स्टेरॉइड आहे, कारण मूळ दुखणं सुजेचं आहे. सुरुवातीला प्रेडनिसोलोन पोटातून, मग डॉक्टर ते हळूहळू उतरवत नेतात. आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही. खोकला थांबला म्हणून सूज गेली असं नसतं, हेही एक चुकीचं अनुमान, आणि तेही मी करून पाहिलं आहे. पोटातलं स्टेरॉइड दीर्घकाळ दिलं तर मांजराला मधुमेह होण्याचा धोका असतो. पाणी फार प्यायला लागलं, लघवी वाढली, तर लगेच सांगायचं. म्हणून पुढे फ्लुटिकासोनचा पंप देतात, तान्ह्या मुलांना देतात तसा, नळकांडं आणि मुखवटा लावून. औषध नळकांड्यात सोडायचं आणि मांजराचे ७ ते १० श्वास मोजायचे. त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर गोळ्या चालू ठेवतात. अचानक धाप लागली तर साल्ब्युटामॉल, ते काही मिनिटांत नळी सैल करतं. पण ते सुजेवर औषध नाही आणि रोज रोज दिलं तर दाह वाढू शकतो, म्हणून ते संकटापुरतं.

तुम्ही म्हणाल, मांजर मुखवटा लावून घेईल? पहिल्या दिवशी नाहीच घेत. आम्हाला तीन आठवडे लागले. आधी मुखवटा नुसता जेवणाच्या वाटीशेजारी ठेवला. मग त्याच्या आत सुक्या बोंबलाचा तुकडा. मग औषध न घालता तोंडाला एक सेकंद, दोन सेकंद. पंपाचा 'फुस्स' आवाज तिला सापासारखा वाटायचा, म्हणून तो लांब दुसऱ्या खोलीत काढून दाखवला. आता सकाळी साडेसातला ती स्वतः येऊन बसते. बोंबलासाठी, माझ्यासाठी नव्हे.

आणि जे करू नये ते. माणसाचं खोकल्याचं सिरप देऊ नका. पॅरासिटामॉल तर कधीच नाही. मांजराच्या यकृतात ते निकामी करणारी यंत्रणा फार तोकडी आहे, त्यामुळे रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडतं, हिरड्या तपकिरी पडतात आणि आपली एक साधी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. छातीला बाम चोळू नका, कापूर आणि निलगिरी तेल त्यांना विषारी आहे, आणि मांजर ते चाटणारच. घरात करण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम फुकट आहे. मांजर गाढ झोपलेलं असताना ३० सेकंद छाती किती वेळा वर येते ते मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला साधारण ३०च्या आत असावं. रोज त्याच्या वर राहत असेल तर दाखवा. दुसरं, खोकताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. दवाखान्यात मांजर कधीही खोकत नाही! मी तोंडी वर्णन करायचो तेव्हा त्यात माझा केसांचा गोळा मिसळलेला असायचा. व्हिडिओत तो नव्हता.

देकार्तने सतराव्या शतकात प्राण्यांना यंत्र ठरवलं होतं. मी ते वर्गात खोडून काढायचो, मोठ्या आवेशाने. घरात मात्र मी चिंगीला यंत्रासारखंच वागवलं. आवाज आला, तेल घाला. वेदना आहे हे मान्य करणं आणि ती कुठली आहे हे बघत बसणं, यांत दुसऱ्यालाच जास्त वेळ लागतो.

आता प्रश्न घेतो.

(सोसायटीतल्या मांजरीची पिल्लं शिंकतात आणि खोकतात, काय करावं?) बहुतेक विषाणूंची सर्दी असेल, पण लहान पिल्लांत पोटातल्या गोल जंताची पिल्लंही फुप्फुसातून प्रवास करतात, त्यानेही खोकला येतो. डोळे चिकटले असतील, दूध-खाणं सुटलं असेल तर त्याच दिवशी न्या. मांजराला वास आला नाही की ते जेवत नाही, म्हणून खाणं थोडं कोमट करून द्या. बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. लस मिळाली तर सर्दी सौम्य जाते, पण ती पूर्ण टळेलच असं नाही.

(मांजराचा दमा आपल्या मुलांना लागेल का?) दमा संसर्गजन्य नाही. मांजराच्या लाळेची आणि कोंड्याची माणसाला ॲलर्जी असू शकते, तो वेगळा विषय, तुमच्या डॉक्टरांना विचारा. इथे उलटी काळजी जास्त खरी आहे. आपल्या सिगरेटचा धूर त्यांच्या अंगावर बसतो आणि ते तो चाटतात.

(दमा पूर्ण बरा होतो का? खर्च किती?) बरा होत नाही, आटोक्यात राहतो. चिंगी आता ९ वर्षांची आहे, चार वर्षांत एकदाच रात्रीचं जावं लागलं. खर्च रोजचा आहे, तो खोटं बोलून कमी करून सांगत नाही. पंप हा सगळ्यात मोठा. काहींना पोटातल्या कमीत कमी डोसवरच राहावं लागतं, त्यात कमीपणा नाही, फक्त तपासण्या चुकवू नका.

(सर, उदबत्तीचं काय केलंत?) अपेक्षित होता हा प्रश्न. कॉइल त्याच दिवशी गेली, मच्छरदाणी आली. उदबत्तीवरून घरात आठ दिवस अबोला होता. पस्तीस वर्षांचा नेम आहे तिचा, आणि मी देवासमोर फार उभा राहणारा माणूस नाही, त्यामुळे माझ्या बोलण्याला वजन नव्हतं. शेवटी तिनेच ठरवलं. देव्हाऱ्यात आता निरांजन आणि फुलं. उदबत्ती बाल्कनीतल्या तुळशीपाशी, दार लावून घेऊन. दार लावायला मी असतो.